सात खोगिरं आणि एक बंद खोली: अलिबागजवळच्या एका पागेचं प्रकरण

हे प्रकरण अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधल्या पट्ट्यातल्या एका छोट्या पागेचं आहे. मालकांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खोगीर-लगामाची देखभाल हे माझं काम असल्यामुळे मला तिथे बोलावणं आलं. ते आलं तेव्हा निम्मं नुकसान होऊन गेलं होतं. तरीही हे सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण किनाऱ्यावर घोडे पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे हेच घडतं आणि दोष मात्र दर वेळी पावसाला दिला जातो.

पार्श्वभूमी

पागेत सहा घोडे आहेत. मालक, त्यांची पत्नी (आमच्या वहिनी) आणि घोड्यांची देखभाल करणारे एक वयस्क मोतद्दार मिळून सगळं सांभाळतात. मोतद्दारांना सगळे मामा म्हणतात. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे समुद्रावर फेरी मारायला येतात, मधल्या वारी आसपासच्या गावांतली मुलं घोडेस्वारी शिकायला येतात. मे संपत आला की मांडव्याच्या लाँच बंद होतात, गर्दी ओसरते आणि पाऊस सुरू झाला की काम जवळपास थांबतं. त्या काळात घोड्यांना मोकळं फिरवतात, पाठीवर फार तर गोधडीसारखी गादी टाकतात. चामड्याचं सामान ऑक्टोबरपर्यंत कोणाला लागत नाही.

सामान म्हणजे सात खोगिरं, त्यांचे तंग (पोटाखालून खोगीर आवळणारे पट्टे), रिकिबींचे म्हणजे स्वाराने पाय ठेवायच्या कड्यांचे पट्टे, लगाम आणि दोन दुमच्या (शेपटीखालून जाणारे पट्टे). बहुतेक माल कानपूरचा, म्हशीच्या चामड्याचा. एक खोगीर जुनं होतं, मालकांनी धंदा सुरू करताना पहिल्यांदा घेतलेलं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा या पागेची सामानाची खोली कौलांसकट उघडी पडली. ती खोली कौलारू होती, भिंतींना वर फटी होत्या, दाराला पट्ट्या होत्या. तिच्या जागी मालकांनी स्लॅबची भक्कम खोली बांधली: लोखंडी दार, पश्चिमेला एकच छोटी खिडकी आणि तीही पावसाची झड येते म्हणून कायम बंद. वादळाने एवढं नुकसान केल्यावर माणूस अशीच खोली बांधणार. पण जुन्या खोलीतून वारा आरपार जात होता, नवीत तो कोंडला, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

मेच्या शेवटी मामांनी नेहमीच्या पद्धतीने सामान बंद केलं. फडक्याने वाळू झटकली, प्रत्येक वस्तूला खोबरेल भरपूर चोळलं, खोगिरं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळली आणि खोलीला कुलूप लावलं. जुन्या खोलीत ही पद्धत बरी चालत होती, त्यामुळे ती बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही.

काय आढळलं

नारळी पौर्णिमा झाल्यावर मालकांनी खोली उघडली. प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. खोगिरांवर हिरवट-पांढरी बुरशी होती, लगामांच्या पितळी कड्यांभोवती मेणासारखा हिरवा थर जमला होता आणि एका रिकिबीच्या पट्ट्याला बकलाच्या वळणावर भेग पडली होती. वास इतका कुबट होता की वहिनींनी नाकाला पदर लावला.

इथे पहिला निर्णय घाईत झाला. मामांनी दोन लगाम बादलीत कपड्याच्या पावडरने धुतले आणि मधेच पडलेल्या कडक उन्हात दोरीवर टाकले. संध्याकाळपर्यंत ते काठीसारखे ताठ झाले. चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि त्याच्या तंतूंमधली चरबी त्याला लवचीक ठेवते. अल्कधर्मी पावडर ती चरबी काढून नेते, मग उन्हात पाणी झपाट्याने उडून गेलं की उघडे पडलेले तंतू एकमेकांना चिकटून बसतात. अशा चामड्याला नंतर कितीही तेल पाजलं तरी ते पूर्ववत होत नाही. मामांच्या हेतूबद्दल शंका नाही. घोड्यांसाठी जीव टाकणारा माणूस आहे. पण त्या दोन लगामांची आशा त्या दिवशीच संपली, आणि उरलेल्या सामानाला हात लावण्याआधी मालकांनी मला फोन केला.

मूळ दुखणं कुठे होतं

सगळ्यांचं म्हणणं एकच: हवा दमट, म्हणून बुरशी. ते खरं आहे, पण अर्धंच. सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी वाढायला लागते, आणि वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा त्याच्या खाली क्वचितच येते. पण मग त्याच गावातल्या घरांमध्ये खुंटीला टांगलेल्या चामडी पिशव्या आणि पट्टे एवढे का सडत नाहीत?

उत्तर मिठात आहे. या पागेचे घोडे ओहोटीच्या वेळी पाण्यातून चालतात. तंग आणि रिकिबीचे पट्टे समुद्राच्या पाण्याने भिजतात, वरून घोड्याचा घाम मुरतो, आणि घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो. वाळल्यावर पाणी जातं, मीठ चामड्यातच राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. म्हणजे पावसाळाभर हे चामडं आतून ओलं होतं. त्यावर मेमध्ये तेलाचा जाड थर दिला, जो बुरशीला खाद्य ठरला, आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून आतली वाफ आतच ठेवली.

मी हे समजावून सांगितल्यावर मामा म्हणाले, "पण तेल तर आम्ही दर वर्षी घालतो, दादा." त्यांचा मुद्दा बरोबर होता. तेल तेच होतं, खोली बदलली होती.

कोणते पर्याय समोर होते

दसऱ्याला सहा आठवडे राहिले होते. खंडेनवमीला पागेत शस्त्रांबरोबर खोगिरांचीही पूजा होते आणि त्यानंतर दिवाळीच्या सुटीची गर्दी सुरू होते.

मालकांचा पहिला कल सगळं टाकून सिंथेटिक घेण्याकडे होता. किनाऱ्यावरच्या कामाला सिंथेटिक वाईट नाही. नळाखाली धरून धुता येतं, हलकं असतं, बुरशी वरच्या वर पुसली जाते. पण सात खोगिरं एकदम म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या नफ्यावर पाणी. शिवाय प्रत्येक घोड्याच्या पाठीचा घाट वेगळा असतो. जुनी खोगिरं त्या त्या पाठीवर बसलेली होती. घाईने घेतलेलं खोगीर नीट बसलं नाही तर पाठीला जखम होते आणि घोडा कित्येक आठवडे कामातून जातो.

दुसरा पर्याय सगळं कानपूरला पाठवून दुरुस्त करून घेण्याचा. काम उत्तम झालं असतं, पण दिवाळीपूर्वी माल परत येण्याची खात्री कोणी देईना.

तिसरा पर्याय म्हणजे पुसायचं, तेल चोळायचं आणि वापरायला काढायचं. गावात बहुतेकांनी हाच सल्ला दिला. मला तो धोकादायक वाटला, कारण तेल लावलं की भेग दिसेनाशी होते, पण जागच्या जागीच राहते.

शेवटी ठरलं ते असं: सामान तपासून वेगळं करायचं, ज्यावर स्वाराचा जीव अवलंबून आहे ते संशयास्पद असलं तर दुरुस्तही करायचं नाही, थेट बदलायचं, आणि बाकीचं घरीच स्वच्छ करायचं. वहिनींनी यात एक अट घातली आणि ती फार मोलाची ठरली: किती खोगिरं तयार होतील तेवढ्याच फेऱ्यांचं बुकिंग घ्यायचं, बुकिंग पाहून खोगिरं पास करायची नाहीत.

काय केलं

तपासणी आधी. चामडं वरच्या गुळगुळीत बाजूने बाहेर वळेल असं वाकवायचं आणि वळणावर बारीक भेगांचं जाळं दिसतं का ते पाहायचं. बकलाची घडी, भोकांच्या कडा, रिकीब जिथे लोंबते ती जागा आणि लगाम घोड्याच्या तोंडातल्या कडियाळ्याला जोडतो तो भाग, या चार ठिकाणी चामडं सगळ्यांत आधी मरतं. चौदा रिकिबीच्या पट्ट्यांपैकी पाच इथे नापास झाले. तीन खोगिरांचे तंग अडकवायचे पट्टे शिवणीपाशी मऊ पडले होते, नखाने दाबलं तर खूण राहत होती. काही बकलांभोवती चामडं काळं पडलं होतं. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यातल्या टॅनिनशी गंजलेलं लोखंड मिसळलं की असा काळा डाग पडतो, आणि तो दिसला की त्याखालचं चामडं कमकुवत झालंय असं धरून चालावं.

मग बुरशी. हे काम खोलीत अजिबात केलं नाही, कारण झटकलेले बीजाणू तिथेच बसतात. अंगणात वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने बुरशी काढली. नंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडकं घट्ट पिळून पुसलं. आधी खोगिराच्या आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, रंग उतरतो का ते पाहिलं. शिवणीत आणि घड्यांमध्ये जुना टूथब्रश वापरला. ब्रश आणि फडकी नंतर जाळून टाकली.

वाळवणं पडवीत, सावलीत, टेबलफॅन लावून. भाद्रपदातल्या हवेत चामडं लवकर वाळत नाही, आणि दोन दिवसांनी मालक अधीर झाले. चुलीजवळ ठेवूया का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ओलं चामडं उष्णतेला फार हळवं असतं, त्या दोन लगामांचं काय झालं ते समोरच होतं.

पुढची पायरी खोगिराच्या साबणाची. ग्लिसरीनचा साबण, जेमतेम ओला स्पंज, फेस येऊ न देता. हे सगळं नीट पार पडलं आणि चार दिवसांनी बऱ्याच पट्ट्यांवर पुन्हा पांढरं दिसू लागलं. मामा हताश झाले, "परत आली," म्हणाले.

इथे मी सगळ्यांना थांबवलं, कारण चामड्यावरचं पांढरं तीन प्रकारचं असतं आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. बुरशी लोकरीसारखी वर उठलेली असते, ठिपक्या-ठिपक्यांनी येते, तिला वास येतो आणि बोट फिरवलं की ती माखते. चरबी बाहेर आली असेल तर सपाट, मेणचट पापुद्रा दिसतो आणि हेअर ड्रायरची कोमट हवा दिली की तो विरघळून चामड्यात परत जातो. त्यात बिघडलेलं काही नसतं, फक्त आधी तेल जास्त झालं होतं एवढंच कळतं. मीठ असेल तर कोरडा, चरचरीत थर येतो, घामाच्या आणि पाण्याच्या रेषांच्या कडेने. उष्णतेने तो हलत नाही, ओल्या फडक्याने लगेच जातो आणि वाळल्यावर पुन्हा येतो.

आमच्यासमोर होतं ते मीठ. आम्ही तर पुसून काढलं होतं, मग आलं कुठून? वहिनींनी विचारलं, "पाणी कुठलं घेतलं?" पागेतल्या विहिरीचं. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींसारखं तेही मचूळ आहे. घोडे धुवायला, अंगण शिंपायला त्याने काही बिघडत नाही, पण मीठ काढायच्या कामाला तेच पाणी घेतलं तर एका हाताने काढलेलं दुसऱ्या हाताने परत घातल्यासारखं होतं. सुदैवाने पाऊस अजून अधूनमधून येत होता. पन्हाळीखाली पिंप लावलं आणि पुढचं सगळं काम पावसाच्या पाण्याने केलं. गोड्या पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजने पुसायचं, सावलीत वाळू द्यायचं, पुन्हा पुसायचं, असं पांढरं येणं थांबेपर्यंत. या एका कामाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फायदाही त्यानेच झाला.

तेलावर बरीच चर्चा झाली. परदेशी पुस्तकांत नीट्सफूट तेल सांगतात. ते गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढतात. मालकांच्या आईंनी ते घरात नको म्हटलं आणि विषय तिथेच संपला. ते नसल्याने काही अडलंही नाही. मामांनी उंडीचं तेल सुचवलं, जे इथे होड्यांच्या लाकडाला लावत आले आहेत. लाकडाला ते चांगलं, पण दाट आणि राळेसारखं चिकट, खोगिरावर वाळू धरून ठेवेल म्हणून सोडलं. खोबरेलच ठरलं, पण रीत बदलली. किंचित कोमट करून, कापसाच्या बोळ्याने, शक्यतो चामड्याच्या आतल्या खरखरीत बाजूने एकच पातळ हात द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मुरलं नसेल तेवढं पुसून घ्यायचं. तेल जास्त झालं की चामडं लुळं पडतं, पट्टे ताणतात, आणि रिकिबीच्या पट्ट्याबाबत तर ही चैन परवडतच नाही. डाव्या बाजूने घोड्यावर चढत असल्यामुळे डावा पट्टा तसाही जास्त ताणतो, म्हणून डावा-उजवा आलटून पालटून लावायची सवय याच वेळी घातली.

पितळेवरचा हिरवा थर म्हणजे तांबं आणि चामड्यातली चरबी यांच्या संयोगाने झालेला पदार्थ. लाकडी काडीने खरवडून, कोरड्या फडक्याने पुसून तो निघाला. चिंच लावायची सूचना आली होती, पण चिंचेचं पाणी कड्यांखालच्या चामड्यात मुरलं असतं.

शिवणकाम तालुक्याच्या गावातल्या एका अनुभवी चर्मकारांकडे नेलं. त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने, आरीने भोक पाडून, दोन सुयांनी हातशिवण घातली. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात, मशिनची शिवण मात्र उसवत जाऊ शकते. तंगाचा एक पट्टा त्यांनी हातात घेतला, वाकवून पाहिला आणि परत दिला. "याच्यात टाका धरणार नाही. पैसे घेऊन शिवीन, पण नको." कारागीर काम नाकारतो तेव्हा त्याचं ऐकावं. तिन्ही खोगिरांचे हे पट्टे नवे लावले.

सगळ्यांत अवघड निर्णय

मालकांच्या त्या पहिल्या खोगिराचं चामडं वरून छान निघालं. पण पाठीवर टेकणाऱ्या गादीतून कुबट वास जाईना. आतल्या लोकरीत बुरशी गेली होती आणि ती बाहेरून साफ होत नाही. गादी उघडून लोकर बदलता येते, मात्र भरणी एका बाजूला जरा कमी-जास्त झाली तरी घोड्याची पाठ सोलते. ते काम जाणणारा माणूस जवळपास नव्हता. खोगिराचा आतला सांगाडाही दाबल्यावर किंचित कुरकुरत होता.

मालक रात्रभर विचार करत राहिले. सकाळी म्हणाले, "ठेवतो, पण घोड्यावर नाही." मी त्यांना एकच विनंती केली: तंग अडकवायचे पट्टे कापून टाका. ठेवणीतलं खोगीर गर्दीच्या दिवशी कोणीतरी उतरवून घोड्यावर घालतंच. त्यांनी स्वतः रापी घेऊन पट्टे कापले.

परिणाम

दसऱ्याला सातपैकी पाच खोगिरं तयार होती, सहावं दिवाळीनंतर आलं. बुकिंग त्या हिशोबाने कमी घेतलं, त्यामुळे सुटीतलं थोडं उत्पन्न गेलं. समुद्रात भिजणारे तंग चामड्याचे न घेता सिंथेटिक घेतले. सगळं खोगीर बदलण्यापेक्षा जे रोज मिठात बुडतं तेवढंच बदलणं स्वस्त पडलं.

खोलीला समोरासमोर दोन झरोके पाडले, जाळी आणि वर छज्जा देऊन. खोगिरं ठेवायचे घोडके भिंतीपासून हातभर पुढे आणले. प्लॅस्टिक गेलं, जुन्या सुती साड्यांच्या खोळी आल्या. आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र भिंतीवर लावलं. झरोक्यांनी बाकीच्या ऋतूंत फरक पडला, पण पुढच्या जुलैत बाहेरची हवाच ओली असल्याने काटा नव्वदीतच राहिला. तेव्हा मालकांनी सगळी खोगिरं घराच्या माडीवर नेली. तिथे दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, खाली घरात चूल-वावर असल्याने थोडी ऊब राहते, आणि मुख्य म्हणजे जाता-येता कोणाचा तरी हात लागतो. दर शनिवारी कोरड्या फडक्याने पुसणं मामांनी स्वतःकडे घेतलं. त्या पावसाळ्यात भिंतीला टेकून राहिलेल्या एका लगामावर बुरशी आली, बाकी सामान निर्वेध राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

खरी संधी मेमध्ये होती. हंगामाची शेवटची फेरी झाली की त्याच आठवड्यात, हवा अजून कोरडी असताना, गोड्या पाण्याने दोन-तीनदा पुसून मीठ काढलं असतं, तर नंतरची बहुतेक मेहनत वाचली असती. मेमधल्या उन्हाळी सावलीत दोन दिवसांत वाळणारं चामडं सप्टेंबरमध्ये आठवडा घेतं.

खोली बांधताना गवंड्याला आत काय ठेवणार ते सांगितलं गेलं नव्हतं. वादळाला टिकणारं बांधकाम आणि हवा खेळणारी खोली या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, फक्त ते स्लॅब पडण्याआधी ठरवावं लागतं.

रिकिबीचे पट्टे आणि तंगाचे पट्टे कधी घेतले याची नोंद पागेत नव्हती, त्यामुळे सगळा निवाडा बोटांनी आणि डोळ्यांनी करावा लागला. आता वहिनींच्या बुकिंगच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येक पट्ट्याला क्रमांक आणि महिना आहे.

एक बाब अजून सुटलेली नाही. रोजच्या फेरीनंतर तंग आणि पट्टे लगेच गोड्या पाण्याने पुसायला हवेत, आणि हिवाळा-उन्हाळ्यात पावसाचं पाणी नसतं. नळाचं पाणी दिवसाआड येतं. पन्हाळीखाली कायमची टाकी बसवायचं मालकांच्या मनात आहे. तोवर मामा घरून पिण्याच्या पाण्याची एक कळशी आणतात, आणि सुटीच्या गर्दीत ती दुपारीच संपते.